देवबागची तांबडी छत्री

ज्यांच्या घरी एकेकाळी कृष्णधवल दूरदर्शन संच होता, त्यांना हा खेळ आठवत असेल. संध्याकाळच्या बातम्या सुरू झाल्या की निवेदिकेच्या साडीचा रंग ओळखायचा. कोणी म्हणे तांबडी, कोणी म्हणे हिरवी, आणि दोघेही तितक्याच खात्रीने म्हणत. दुसऱ्या दिवशी रंगीत संच असलेल्या शेजाऱ्याकडून निकाल कळे. पण एक कोडे उरतेच. तांबडा आणि हिरवा हे एकमेकांपासून इतके दूरचे रंग. मग पडद्यावर ते हुबेहूब सारखे का दिसावेत?

उत्तर अवघड नाही. कृष्णधवल पडदा रंग दाखवत नाही, फक्त उजळपणा दाखवतो. भडक तांबडा आणि पानाचा गडद हिरवा यांचा उजळपणा जवळजवळ सारखाच असतो, म्हणून दोघांच्या वाट्याला करड्याची एकच छटा येते. फरक नाहीसा झालेला नसतो, तो आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो. माझ्या विद्यार्थ्यांना हे वाक्य मी मोठ्या आवडीने सांगत असे. मालवणच्या किनाऱ्यावरून परत आल्यापासून ते सांगताना पूर्वीसारखा आवाज लागत नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि नलिनी त्याच महाविद्यालयात मराठी. आम्ही एकाच घरात खोल्या घेऊन राहत होतो. नलिनी देवबागची. तिचा धाकटा भाऊ रघू मालवाहू बोटीवर खलाशी होता. वर्षभरापूर्वी त्याची बोट जपानच्या बाजूच्या समुद्रात वादळात सापडली आणि बुडाली. माणसे सापडली नाहीत, कोणाचे शव किनाऱ्याला लागले नाही.

बोट बुडण्यापूर्वी रघूने रजेवर निघालेल्या तारकर्लीच्या एका सोबत्याकडे आईसाठी एक व्हिडिओ कॅसेट दिली होती. तिची हकिकत त्या सोबत्याने घरी सांगितली ती अशी. बोट एका जपानी बंदरात माल भरायला थांबलेली असताना धक्क्यावर कोणा नव्या गायिकेच्या गाण्याचे चित्रीकरण चालले होते. मुलीचे ते पहिलेच गाणे. तिला स्ट्रॉबेरीसारखा फुगीर तांबडा झगा घातला होता, अवतीभवती कापसाचे गुलाबी ढग, सशाच्या वेशातली मुले. मागे उभे राहायला त्यांना परदेशी खलाशांची एक रांग हवी होती. बोटीवरच्या आठदहा जणांना बोलावून प्रत्येकाच्या हातात छत्री दिली. स्ट्रॉबेरीची पाने म्हणून सगळ्यांना हिरवी. रघूला मात्र तांबडी. पुढे गाणे बाजारात आले तेव्हा रघूने कॅसेट विकत घेतली आणि सोबत्याला बजावले, "आयेक सांग, तांबडी छत्री म्हणजे मी." सोबती निरोप पोहोचवून पुन्हा दुसऱ्या बोटीवर निघून गेला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ती बातमी आली.

"दादाने मालवणातून व्हिडिओ आणून एकदा लावून पाहिली," नलिनी मला म्हणाली. "चित्र नुसते खालून वर पळत राहते. आये रोज विचारते. तुला यातले कळते. दिवाळीच्या सुट्टीत चल."

मी लगेच होकार दिला. खरे सांगायचे तर मला उत्साहच वाटला. जपानी फीत आणि भारतीय संच यांचे का जमत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होते आणि प्रत्यक्ष पाहायची संधी आयती चालून आली होती. कोणाचे काय पणाला लागले आहे, हे नलिनीने मला एस.टी.त बसल्यावर सांगितले.

कोल्हापुरातून मालवणला जायला तेव्हा पहाटेची गाडी बरी पडे. आजही वेळ असेल तर राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट हाच रस्ता घ्या. दाजीपूरच्या जंगलात गारवा अंगावर येतो आणि घाट उतरताना तासाभरात हवा बदलते. स्वेटर काढून पिशवीत ठेवावा लागतो. फोंड्याला गाडी थांबली तेव्हा आम्ही उसळ-पाव खाल्ला. पुढे कणकवली, कसाल, कट्टा. घाटातच नलिनीने सांगायला सुरुवात केली.

त्यांच्याकडे माणूस गेला की शव उचलण्यापूर्वी घरच्यांना तोंड दाखवतात. आईने, बायकोने, मुलांनी तोंड बघितल्याशिवाय तिरडी हलत नाही. ज्याचे शवच मिळाले नाही त्याच्यासाठी दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधी आहे. भटजी तो करायला तयार होते आणि थोरला भाऊ दत्ताराम आईच्या मागे लागला होता. पण आये अडून बसली होती. तोंड बघितल्याशिवाय मी त्याला गेला म्हणणार नाही. ती रोज दोन्ही वेळा रघूचे ताट वाढत होती आणि ते तसेच राहिले म्हणून स्वतः अर्धपोटी उठत होती. वर्षभरात तिची चोळी अंगावर लोंबू लागली होती.

"तिने आता म्हटलंय," नलिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "की त्या कॅसेटमध्ये त्याचे तोंड दाखवा, मग मी तुम्हाला विधी करू देते."

मालवण बाजारात उतरून आम्ही एका खाणावळीत जेवलो. बांगड्याचे तिखले हे तिखट कालवण, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी; दहा-बारा रुपयांत पोट भरे. आता तिथे फलक लावलेली उपाहारगृहे झाली आहेत आणि तिखले मागितले तर आधी तळलेल्या माशांची नावे ऐकवतात. चिकाटीने मागा, मिळते. तारकर्लीपर्यंत खडखडणारा कच्चा रस्ता होता. पुढे देवबागला जायचे तर वाळूतून पायपीट किंवा कर्ली नदीतून होडी. आम्ही होडी घेतली. देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांनी धरून ठेवलेली वाळूची चिंचोळी पट्टी. आज तिथे डांबरी रस्ता आहे, घरगुती निवास आहेत, पाण्यावरचे खेळ आहेत. तुम्ही जाल तेव्हा खाडीच्या बाजूची खोली मागा. समुद्राच्या बाजूला रात्रभर आवाज असतो आणि प्रत्येकाला तो सोसतोच असे नाही.

दिवाळी असूनही नलिनीच्या घरावर कंदील नव्हता. आये ओटीवर बसली होती. लहानखुरी विधवा बाई, मोकळे कपाळ, आवाज मात्र भरदार.

"हीच मां गो तुझी सायन्सवाली?" तिने नलिनीला विचारले, आणि मला म्हणाली, "बस गो बाय. उन्हातसून इलंस. आदी पाणी पी, मगे माझ्या झिलाक पकड. खालून वर पळता मेलो. ल्हान असतानाय तसोच पळायचो."

आत देवांच्या फळीवर गणपती आणि ग्रामदेवता सातेरी यांच्या तसबिरींशेजारी कॅसेटचे वेष्टन टेकवून ठेवले होते. त्यावर स्ट्रॉबेरीचा झगा घातलेली ती मुलगी एक डोळा मिटून हसत होती. तिलाही हळदकुंकू वाहिलेले दिसले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघी समुद्राच्या बाजूला जाऊन बसलो. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या डोलकाठ्यांवर तांबडी निशाणे होती, मागे माडांची हिरवी रांग. सूर्य बुडून थोडा वेळ झाला आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी नलिनीला म्हटले, आता गंमत पाहा. निशाणे आधी काळी पडतील, माड मात्र अजून दिसत राहतील. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारची व्यवस्था असते. एक भरपूर उजेडात काम करते आणि तिला रंग कळतात. दुसरी मंद उजेडात काम करते आणि तिला रंग कळत नाहीत. या दुसऱ्या व्यवस्थेला तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून तिन्हीसांजेला सगळ्यात आधी तांबडा रंग जातो.

बोलता बोलता निशाणे खरोखरच काळी झाली. मला मोठा आनंद झाला. आये माझे सगळे बोलणे ऐकत होती, असे मला वाटले नव्हते.

"मगे उजेड इल्यार परत येता मां?" तिने विचारले.

"येतो ना," मी म्हटले. "रंग कुठे जात नाही. सकाळी जिथल्या तिथे असतो."

"बरां," ती म्हणाली, आणि उठून रघूचे ताट वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओवाला गुंडू मालवणहून होडीतून आला. त्याचा रंगीत संच गोधडीत गुंडाळून होडीच्या मध्यभागी ठेवला होता आणि गुंडू त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. दत्ताराम गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. हा दत्ताराम म्हणजे थोराड, अबोल माणूस. वर्षभर आईची समजूत घालून थकलेला.

"बाईनू," गुंडूने मला पाहताच सांगून टाकले, "टीव्ही माझो नवो आसा. काल कुडाळाक लग्नात तीन पिक्चर दाखयलंय. भूत आसा त्या कॅसेटीत."

भूत नव्हते. आपल्याकडे पडद्यावर दर सेकंदाला पंचवीस चित्रे उमटतात, जपानात तीस. गुंडूचे व्हिडिओ यंत्र दुबईहून आलेले, अनेक देशांच्या फिती चालवणारे होते, त्यामुळे ते जपानी फीत तिच्या गतीने वाचत होते. पण संच मात्र पंचविसाचीच वाट पाहत होता. पुढचे चित्र वेळेआधी आल्यामुळे पहिले पूर्ण होण्याआधीच वर ढकलले जाई. पळणारे चित्र ते हेच. संचाच्या पाठीमागे एक लहानशी कळ असते, ती हळूहळू फिरवून पडद्याची उभी चाल जुळवून घेता येते. मी हे सगळे गुंडूला आणि दत्तारामला वाळूत रेघा ओढून समजावले. गुंडूने मान डोलावली आणि म्हणाला, "म्हणजे जपानी घायबरे आसत, धीर नाय त्येंका."

संध्याकाळी अंगणात संच मांडला. विजेचा दाब इतका कमी होता की घरातला दिवा मालवल्यावरच पडदा उजळला. अर्धी वाडी जमली होती. मुले पुढे, बायका ओटीवर, पुरुष माडांना टेकून. आयेने नवे लुगडे नेसले होते. संचासमोर तिच्यासाठी पाट ठेवला होता आणि पाटाशेजारी तांब्यात तुळशीचे पान.

"गुंडूदा, मगे मारामारीचो पिक्चर लावतलंस मां?" एका मुलाने विचारले.

"आदी ह्यां जपानी गप बघा," गुंडू म्हणाला.

मी संचामागे गेले. पडद्यावर चित्र सरसर वर जात होते. कळ अगदी केसभर फिरवली, चाल मंदावली. आणखी थोडी, आणि चित्र थबकले. अंगणात एकच आवाज उठला. आजवर प्रयोगशाळेत मिळाले नाही इतके समाधान मला त्या क्षणी मिळाले.

मी पुढे येऊन पाहिले. चित्र स्थिर होते, आणि सगळे करडे होते.

तेही अपेक्षितच होते. चित्राची गती जुळवता येते, पण रंग पाठवण्याची जपानी पद्धत वेगळी आणि आपली वेगळी. संचाला ती उमगत नाही, तो रंग सोडून देतो आणि फक्त उजळपणा दाखवतो. पुस्तकात मी हे वाचले होते. पण येताना संपूर्ण घाटभर मी चित्र थांबवण्याचाच विचार केला होता. तांबडी छत्री तांबडी दिसली नाही तर काय, हा प्रश्न अंगणात उभी राहीपर्यंत नुसत्या चित्राच्या आनंदात माझ्या मनात आलाच नव्हता.

गाणे सुरू झाले. उंच, किणकिणता, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर गाणाऱ्या मुलीचा आवाज. करडी मुलगी करड्या ढगांतून उड्या मारत आली.

"गो, ह्या चेडू काजीच्या बोंडवात शिरलां काय?" शेजारच्या पार्वतीकाकी म्हणाल्या आणि बायका हसल्या.

"आनी ते सशे मागसून कित्याक उडतत?"

"गुंड्या, तुझ्या टीव्हीन रंग खाल्ल्यान काय रे?"

"माझ्या टीव्हीन नाय, काकी. जपान्यांनी खाल्ल्यानी."

"गप रवा गो," आये म्हणाली. "माझो झिल येवचो आसा."

अंगण चिडीचूप झाले. मुलगी बाजूला झाली आणि मागे छत्र्यांची रांग दिसली. माणसे लांब उभी होती, चेहरे अंगठ्याच्या नखाएवढे, तेही छत्र्यांआड. छत्र्या गरगर फिरत होत्या. सगळ्या सारख्या करड्या.

"तांबडी खंयची गो?" आयेने मला विचारले.

"आये, या संचावर रंग येत नाही."

"म्हणजे सगळी सारकीच?"

"हो."

 गाणे संपले. गुंडूने फीत मागे घेतली. पुन्हा ढग, पुन्हा ससे, पुन्हा ती किणकिण. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुढे बसलेल्या मुलांना चाल पाठ झाली आणि ती शब्दांशिवाय सुरात सूर मिसळू लागली. आये पाटावरून उठून संचाच्या काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली. एका ठिकाणी, फार थोडा वेळ, रांगेतल्या एकाने छत्री मागे टाकली आणि तो हसला. हसला असावा. करड्या ठिपक्यांत एक पांढरा ठिपका चमकला.

"थांब," आये म्हणाली. "मागे घे. थंयच. हो बघ. छत्री वर केल्यान, हसलो. हो माझो रघू."

गुंडूने चित्र थांबवले. थांबलेले चित्र थरथरत होते आणि त्याच्या मधोमध एक पांढरी पट्टी हलत होती.

"आये, नीट बघ गो," नलिनी तिच्याजवळ जाऊन बसली. "ह्येंच्यात कोणाचोच चेहरो दिसणा नाय."

"तुका दिसणा नाय. माका दिसता. हसताना त्याचो डावो गाल आदी वर जाता. तुमी काय त्येका धड बघलास कदी?"

नलिनीने दत्तारामकडे पाहिले. तो माडाला टेकून उभा होता.

"आये म्हणता तर तोच," दत्ताराम म्हणाला.

"दादा."

"तोच, नलू." त्याचा आवाज फुटला. "आये म्हणता मां? मगे तोच."

आयेने तांब्यातले तुळशीचे पान घेतले, काचेवर त्या चेहऱ्याशी टेकवले आणि संचाच्या पायाशी ठेवले. मग पदर सारखा करून म्हणाली, "भटजींक बोलाव. आनी बंद कर आता तां." मुलांपैकी कोणी मारामारीचे नाव काढले नाही. गुंडू संच गोधडीत गुंडाळू लागला.

विधी खाडीच्या बाजूला झाला. दर्भाची प्रतिमा इतकी हलकी होती की दत्तारामने ती एका हातात धरली आणि मग, लाज वाटल्यासारखे, दुसरा हातही लावला. धूर फार झाला नाही. मी आणि नलिनी लांब, बायकांमध्ये उभ्या होतो. प्रवासवर्णनात हे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण देवबागचा संगम, तिथली पांढरी वाळू, ओहोटीला उघडी पडणारी बेटे यांबद्दल मी काहीही लिहिले तरी मला दिसतो तो तेवढाच धूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयेने रघूचे ताट वाढले नाही. पाटावर बसून म्हणाली, "पेज वाढ माका." पेज, त्यावर खोबरे, सोबत भाजलेला सुका बांगडा. तिने दोनदा वाढून घेतले. दत्ताराम स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून तिला जेवताना बघत होता.

निघताना तिने कॅसेट माझ्या हातात दिली. घरात लावायला रघूचा फोटो नव्हता. शाळेतल्या घोळक्यातला एक होता, त्यात तो शेजाऱ्याच्या खांद्यामागे लपला होता.

"घेवन जा," ती म्हणाली. "खंय रंगीत दिसात तर त्येचो फोटो काढून धाड. भिंतीर लावक काय तरी होया मां."

मी आनंदाने कबूल केले. निदान एवढे तरी मला नक्की करता येणार होते.

परतताना आम्ही मालवणहून कुडाळचा रस्ता धरला आणि वाटेत धामापूरला उतरलो. हे ठिकाण चुकवू नका. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट तळ्यात उतरतात, आणि तळ्याभोवती इतकी दाट झाडी आहे की भर दुपारी पाणी हिरवे दिसते. आम्ही पायऱ्यांवर बसून आयेने बांधून दिलेली घावणे खाल्ली.  नलिनी म्हणाली, "रंगीत पाहिल्यावर खात्री होईल ना?" मी म्हटले, होईल. पुढे कुडाळ, सावंतवाडी आणि आंबोलीच्या घाटातून कोल्हापूर. आंबोलीत धुके होते. गाडी दिवे लावून चालली होती आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा तांबडा रंग अगदी जवळ आल्यावरच कळत होता.

कोल्हापुरात आमच्या एका सहकाऱ्याच्या मेहुण्याने आखातातून सगळ्या पद्धती चालणारा संच आणला होता. एका दुपारी आम्ही दोघी तिकडे गेलो. घरच्यांनी चहा ठेवला आणि आम्हाला खोलीत एकटे सोडले.

रंग आला. आजतागायत मी तितके रंगीत काही पाहिलेले नाही. बडीशेपेच्या गोळ्यांसारखे गुलाबी ढग, पिवळे ससे, निळी कमान, त्यात ती तांबडीभडक मुलगी, पहिल्या गाण्याच्या भीतीने आणि आनंदाने थरथरणारी. करड्या पडद्यावर जे बालिश वाटले होते ते इथे खरोखर गोड होते. मग रांग आली. गडद हिरव्या छत्र्यांच्या मध्ये एक तांबडी. दोन वर्षांचे मूलही बोट ठेवू शकले असते.

छत्री मागे टाकून हसणारा माणूस रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याची छत्री हिरवी होती.

तांबडी छत्री गाणेभर फिरत राहिली. ती वर उचललेली एकदाही दिसली नाही. शेवटी सगळे छत्र्या उंचावतात, पण नेमके तेव्हा चित्र त्या मुलीच्या मिटलेल्या डोळ्यावर जाते. रघूचे एवढेच दिसते: छत्रीच्या दांड्यावर चार बोटे.

नलिनीने फीत मागे घेतली, पुन्हा पाहिली. मग आणखी एकदा. चहा गार झाला.

"आये आता दोन वेळा जेवते," ती म्हणाली.

"हो."

"दादाचे पत्र आले. अंगाने भरलीय थोडी."

 तिने हसणाऱ्या माणसावर चित्र थांबवले. आता त्याचा चेहरा बऱ्यापैकी दिसत होता. रघूपेक्षा वयाने मोठा, रुंद जबड्याचा. कुठला कोण. त्याचा उजवा गाल आधी वर गेलेला होता.

"काळापांढरा रोल अजून मिळतो ना?" नलिनीने विचारले.

मिळत होता. पडद्याचा फोटो काढताना एक काळजी घ्यावी लागते. तिथले चित्र एकदम उमटत नाही, ओळीओळीने रंगवले जाते. कॅमेऱ्याची झडप फार झटकन मिटली तर अर्धेच चित्र हाती येते. मी झडपेचा वेग कमी ठेवला, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर टेकवला आणि श्वास रोखून कळ दाबली. फोटो उत्तम आला. छत्री करडी आली. नलिनीने तो मोठा करून चौकटीत घातला आणि देवबागला पाठवला.

तो माणूस कोण, हे आम्हाला कधीच कळले नाही. तारकर्लीचा तो सोबती पुढे भेटला, पण फोटोतल्या माणसाला तो ओळखू शकला नाही; तो चित्रीकरणानंतर बोटीवर आला होता आणि तिथे माणसे बदलत असत, म्हणाला. बोट बुडाली तेव्हा फोटोतला माणूसही तिच्यावर होता, एवढे धरून चालावे लागते. म्हणजे कुठेतरी आणखी एक घर असणार, जिथे कोणी ताट वाढून बसले होते, आणि ज्यांच्या मुलाचा चेहरा देवबागच्या भिंतीवर हार घालून लावलेला होता. त्याच्या आईला तोंड बघायला मिळाले नाही. ते आमच्याकडे होते.

आये त्यानंतर बरीच वर्षे जगली. मी दोनदा तिकडे गेले. दोन्ही वेळा तिने मला फोटोसमोर नेले आणि दाखवले, "बघ, डावो गाल." मी पाहिले. आता आये नाही, दत्ताराम नाही. कॅसेट कोकणात ठेवली असती तर कधीच बुरशी खाऊन गेली असती. ती माझ्या कपाटात आहे आणि ती चालवू शकणारे यंत्र माझ्या ओळखीत कोणाकडे उरलेले नाही. फोटो अजून भिंतीवर आहे. दत्तारामची नातवंडे त्याला रघूआजोबा म्हणतात. नलिनीने हे लिहायला हरकत घेतली नाही. "नावे बदल," एवढेच म्हणाली.

देवबागला जरूर जा. होडीवाल्याला ओहोटीची वेळ विचारून निघा, डोक्याला टोपी घ्या, आणि एक संध्याकाळ समुद्राच्या बाजूला काही न करता बसा. ते जमणार नसेल तर हा प्रयोग घरीही करता येतो. दुपारी एखाद्या दाट हिरव्या झुडपात एक तांबडी चिंधी अडकवा. भर उजेडात ती लांबूनही दिसेल. दिवे लागायच्या वेळेला तिथे जाऊन बसा आणि हळूहळू पाने करडी, चिंधी काळी होताना पाहा. मग पानांमधल्या अनेक काळ्या फटींपैकी एक काळी फट म्हणजे ती चिंधी असते, आणि ते फक्त तुम्हाला ठाऊक असते. आता ज्याने ती दुपारी पाहिलेली नाही अशा घरातल्या कोणाला तरी हाक मारा आणि विचारा, तांबडी चिंधी कुठे आहे, दाखव. बोट कुठेतरी जाईल, आणि बहुधा मोठ्या खात्रीने जाईल. त्यानंतर तुम्ही काय म्हणता, तेही पाहा.